लेखकाकडे फुकट प्रत मागू नका

परवा आमच्या तालुक्यातल्या एका ज्येष्ठ लेखकांकडे गेले होते. आयुष्यभर शाळेत शिकवलं, सोबत शेती केली. बोलता बोलता त्यांनी खाटेखालून सुतळीने बांधलेला गठ्ठा ओढला, वरचा कागद फाडून आपला कथासंग्रह काढला आणि 'सप्रेम भेट' लिहायला पेन शोधू लागले. मी पैसे पुढे केले तर संकोचले. "तुमच्याकडून कसले पैसे घ्यायचे, ताई?"

पाचशे प्रती पदरच्या पैशाने छापलेल्या. त्यातल्या निम्म्या अशाच वाटण्यात गेल्या. प्रकाशनाला सभागृह भरलं होतं, शाल-श्रीफळ झालं, फोटो झाले. दाराशी मांडलेल्या टेबलावरून मात्र अकरा पुस्तकं विकली गेली. मला हे फार लागलं. ओळखीचा लेखक दिसला की आपण हक्काने विचारतो, "मग आम्हाला कधी देताय पुस्तक?" त्या माणसाची दोन-चार वर्षं त्यात गेलेली असतात हो!

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. आनंद मलाही झाला, आजही आहे. पण वारसा टिकतो कसा, याचा विचार करताना मला बहिणाबाई आठवतात. १८८० साली असोद्याला जन्म, लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात, शेतात काम करता करता गाणी सुचायची. ती कागदावर उतरली म्हणून राहिली. मुलाने, सोपानदेवांनी, ती आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. बहिणाबाई १९५१ मध्येच गेल्या होत्या. आपलं पुस्तक त्यांनी हातात धरलंच नाही. आणि जी गाणी उतरवायची राहिली असतील, ती त्यांच्याबरोबरच गेली.

आज अहिराणीत, वऱ्हाडीत, मालवणीत, झाडीबोलीत लिहिणारी माणसं आपल्या आसपास आहेत. हयात आहेत. त्यांचं पुस्तक विकत घ्या. परवडत नसेल तर वाचनालयात नाव घेऊन मागा. चार सभासदांनी विचारलं की ग्रंथपालही खरेदीच्या वेळी लक्षात ठेवतात. आणि वाचून झालं की लेखकाला कळवा, हे तर कराच. आवडलं नसेल तरी कळवा.

निघताना त्यांनी मला एक पोस्टकार्ड दाखवलं. विदर्भातल्या कुणा शेतकरी वाचकाचं. 'तुमच्या कथेतली पाभर म्हणजे आमची तिफण. पेरणीचं वर्णन वाचून वडील आठवले.' एवढंच. कडा मऊ पडल्या होत्या त्या कार्डाच्या, इतक्यांदा हाताळलेलं. परत ठेवताना त्यांनी ते पुस्तकाच्या त्याच पानात नीट सरकवलं.

मी दोन प्रती घेतल्या, छापील किमतीला, त्यांच्याशी थोडं भांडूनच. एक वाचनालयात दिली. माझी काल रात्री वाचून संपली. आज पत्र लिहायला बसतेय, तिसऱ्या कथेतल्या म्हातारीबद्दल त्यांना बरंच विचारायचं आहे.