थिजलेलं खोबरेल आणि दीडशे फेमटोसेकंद

नमस्कार सर,

व्हॅनेडियम डायऑक्साइडवरच्या माझ्या लेखाला तुम्ही डिचोलीहून दोन हरकती घेतल्यात. थंडीत थिजलेली खोबरेलाची बाटली उन्हात ठेवली तरी सुटायला वेळ लागतो, मग लेझर पडताच हा स्फटिक दीडशे फेमटोसेकंदांत (एक फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही दहा लाखावा भाग) कसा बदलेल, आणि तेवढा वेगवान कॅमेरा आहे कुणाकडे, ही पहिली. दुसरी, अणू 'कवायतीसारखे एकदम' सरकतात हे मी कशावरून लिहिलं.

आमच्या फोंड्यातही सकाळी बाटली उन्हात ठेवावी लागते. काठाचं तेल आधी सुटतं, मधला गोळा तसाच राहतो. म्हणजे तो वेळ उष्णता आतपर्यंत पोचायला लागतो, रेणूंना जागा सोडायला नव्हे. व्हॅनेडियम डायऑक्साइडही सावकाश तापवला तर ६८ अंशांच्या आसपास विद्युतरोधकाचा धातू होतो. हे १९५९ पासून माहीत आहे. थंड असताना त्यातले व्हॅनेडियमचे अणू जोडीजोडीने असतात, तापल्यावर जोड्या सुटतात. पण लेझरचा प्रकाश पातळ थरात थेट इलेक्ट्रॉनांना हलवतो. त्यांची ऊर्जा उष्णता होऊन अणूंमध्ये नीट वाटली जायच्या आतच जोड्या सुटू लागतात.

आणि कॅमेरा? तेवढा वेगवान कॅमेरा लागतच नाही. लेझरचं एकच स्पंद, म्हणजे प्रकाशाचा अगदी क्षणिक झोत, दोन भागांत विभागतात. एक भाग स्फटिकाला धक्का देतो, दुसरा लांबच्या वाटेने येऊन त्याची स्थिती टिपतो. त्या वाटेवरचा आरसा १५ मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी, मागे सरकवला की जाऊन-येऊन ३० मायक्रोमीटर वाट वाढते आणि प्रकाश १०० फेमटोसेकंद उशिरा पोचतो. आरसा थोडा थोडा सरकवायचा, दर वेळी तोच प्रयोग पुन्हा करायचा. वेळ मोजायची ती अंतराने! मला या विषयाचं वेड लागलं ते या आरशामुळेच.

दुसरी हरकत मात्र मान्य. अणू एका तालात सरकतात असं चित्र बरीच वर्षं मांडलं जायचं, मीही तेच उचललं. २०१८ साली स्टॅनफर्डच्या क्ष-किरण लेझरने पाहिलं, तेव्हा दिसलं की जोड्या सुमारे १५० फेमटोसेकंदांत सुटतात, पण प्रत्येक अणू आपापल्या दिशेने भरकटतो. कवायत नव्हे, शाळा सुटल्यावरची पांगापांग. 'कवायतीसारखे' हे वाक्य आजच लेखातून काढलंय आणि खाली तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख केलाय.