जेन वॉर्टनच्या हृदयाचे ठोके

गेल्या महिन्यात एका महाविद्यालयात वादविवाद स्पर्धेची परीक्षक म्हणून गेले होते. विषय होता ‘हिंसेवाचून हक्क मिळत नाहीत’. अनुकूल बाजूने बोलणाऱ्या तीन-चार जणांनी एकच उदाहरण दिले, ते म्हणजे इंग्लंडमधल्या बायकांनी काचा फोडल्या म्हणून त्यांना मताचा अधिकार मिळाला. प्रतिकूल बाजूच्या एका मुलीने तितक्याच ठामपणे सांगितले की मत मिळाले ते पहिल्या महायुद्धामुळे, आणि काचा फोडणाऱ्यांनी झाला तर उशीरच केला. टाळ्या दोघांनाही मिळाल्या. मी गुण देऊन घरी आले, पण विषय काही डोक्यातून गेला नाही, कारण दोन्ही बाजूंचे लक्ष दगडावर खिळले होते आणि दगड मारणाऱ्या बाईचे तुरुंगात पुढे काय झाले, हे एकानेही विचारले नाही. माझ्या मते या चळवळीचे सारे बळ त्या ‘पुढे’ मध्ये होते, आणि ते बळ तिने शेवटच्या दोन वर्षांत स्वतःच्या हातांनी उधळले.

मराठी वाचकाला ही गोष्ट समजायला जड जाऊ नये, कारण मवाळ आणि जहाल हे शब्द आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. १८६६ साली १,४९९ स्त्रियांच्या सह्यांचा अर्ज जॉन स्टुअर्ट मिल यांनी पार्लमेंटात सादर केला आणि पुढच्या वर्षी त्यांनी मांडलेली दुरुस्ती १९६ विरुद्ध ७३ मतांनी पडली. त्यानंतरची जवळजवळ चाळीस वर्षे अर्ज, सभा, शिष्टमंडळे, खाजगी विधेयके असा सनदशीर उद्योग चालू राहिला, ज्याचे नेतृत्व पुढे मिलिसेंट फॉसेट यांच्याकडे आले. या मवाळांना कंटाळून १९०३ च्या ऑक्टोबरमध्ये एमेलिन पँखर्स्ट यांनी मँचेस्टरमधल्या आपल्या घरी दुसरी संघटना काढली आणि ‘शब्द नको, कृती हवी’ हे तिचे ब्रीद ठरवले. दोन वर्षांनी त्यांची मुलगी ख्रिस्टाबेल आणि गिरणीत काम केलेली अ‍ॅनी केनी यांनी त्याच शहरातल्या उदारमतवादी पक्षाच्या सभेत, तुमचे सरकार स्त्रियांना मत देणार का, असा प्रश्न विचारला. उत्तर मिळाले नाही. दोघींना बाहेर काढले, ख्रिस्टाबेल पोलिसावर थुंकली, आणि दंड भरायला नकार देऊन दोघी तुरुंगात गेल्या. चाळीस वर्षांच्या अर्जांना जेवढी जागा वर्तमानपत्रांनी दिली नव्हती तेवढी या एका थुंकीला मिळाली, हे मवाळांनाही नाकारता आले नाही. (जाता जाता : ज्या १९०७ साली सुरतेला जोडा फेकला गेला आणि काँग्रेस दुभंगली, त्याच वर्षी पँखर्स्ट बाईंनी संघटनेची घटना गुंडाळून ठेवली, वार्षिक अधिवेशन रद्द केले, आणि लोकशाही मागणाऱ्या संघटनेत लोकशाही नको का, असे विचारणाऱ्या शार्लट डेस्पार्ड आणि त्यांच्या सहकारी बाहेर पडल्या. हा दोष पुढे फार महागात पडला.)

१९०८ चा जून महिना मला नेहमी थबकायला लावतो. २१ तारखेला लंडनच्या हाइड पार्कमध्ये लाखोंचा जमाव जमला. पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ यांनी त्याची दखल घेतली नाही. ३० तारखेला मेरी ली आणि एडिथ न्यू या दोघींनी त्यांच्या निवासस्थानाच्या खिडक्यांवर दगड मारले, आणि चळवळीतली पहिली काच फुटली. या दोन तारखांच्या मध्ये, २४ जूनला, मुंबईत लोकमान्यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली होती. मंत्रिमंडळ एकच, उदारमतवाद्यांचे. अर्ज करणाऱ्याला ‘लोकमत कुठे आहे’ विचारायचे आणि लोकमत दाखवणाऱ्याला तुरुंगात टाकायचे, ही त्या उदारमतवादाची रीत दोन्हीकडे सारखीच होती.

तुरुंगात गेलेल्या स्त्रियांची पहिली मागणी अशी होती की आम्हाला चोर-दरोडेखोरांसारखे न वागवता राजकीय कैदी माना. ती फेटाळली गेली तेव्हा जुलै १९०९ मध्ये मेरियन वॉलेस डनलॉप या चित्रकर्तीने कोणाला न विचारता, संघटनेचा आदेश नसताना, हॉलोवे तुरुंगात अन्न सोडले. तिचा गुन्हा काय, तर पार्लमेंटच्या भिंतीवर तिने हक्कांच्या सनदेतले, राजाकडे दाद मागण्याचा प्रजेला अधिकार आहे, हे वाक्य छापले होते. ९१ तासांनी सरकारने घाबरून तिला सोडले. मग इतरांनीही तेच सुरू केले, आणि सप्टेंबरमध्ये बर्मिंगहॅमच्या विन्सन ग्रीन तुरुंगात सरकारने बळाने अन्न भरवण्याचा उपाय काढला. चार-सहा वॉर्डरिणींनी हातपाय धरायचे, दातांमध्ये लाकडी किंवा पोलादी पाचर घालून जबडा ताणायचा आणि नाकातून किंवा तोंडातून रबरी नळी पोटापर्यंत उतरवून वरून नरसाळ्याने दूध-अंडे ओतायचे, असा तो प्रकार. सरकार त्याला वैद्यकीय उपचार म्हणत असे, आणि मेरी लीने दाद मागितली तेव्हा न्यायालयानेही तो तुरुंगाच्या डॉक्टरचे कर्तव्य ठरवला.

आता कॉन्स्टन्स लिटन. ज्या लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत दख्खनच्या दुष्काळात माणसे मेली, दिल्लीचा दरबार भरला आणि देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा झाला, त्या व्हाइसरॉयची ही मुलगी, आणि तिच्या बालपणाची काही वर्षे हिंदुस्थानातच गेली होती. बापाच्या राज्यात अन्नावाचून मेलेल्यांचे तिला काय ठाऊक होते हे मी सांगू शकत नाही, पण त्याच घरातल्या मुलीने अन्न नाकारून सरकारला उघडे पाडावे, यातला योग दख्खनी वाचकाच्या नजरेतून सुटणार नाही. ऑक्टोबर १९०९ मध्ये न्यूकॅसलला एका मोटारीवर दगड मारल्याबद्दल तिला शिक्षा झाली. तिने उपास सुरू करताच डॉक्टरांनी तिचे हृदय काळजीपूर्वक तपासले, ते दुबळे असल्याचे सांगितले आणि तिला सोडून दिले. तिच्याबरोबरच्या सामान्य घरातल्या स्त्रियांना मात्र नळी लावण्यात आली. सरकारचे म्हणणे असे की यात पदवीचा संबंध नाही, प्रश्न केवळ प्रकृतीचा आहे.

तिने हे म्हणणे तपासून पाहायचे ठरवले. जानेवारी १९१० मध्ये केस कापून, स्वस्तातला कोट, बेढब टोपी आणि चष्मा घालून ती जेन वॉर्टन नावाची शिवणकाम करणारी बाई झाली, लिव्हरपूलच्या तुरुंगासमोर निदर्शने करून मुद्दाम पकडली गेली आणि आत जाताच तिने अन्न सोडले. शरीर तेच होते आणि हृदयही तेच. जेनचे हृदय न तपासताच तिला नळी लावण्यात आली. पहिल्या खेपेनंतर डॉक्टरने तिच्या गालावर चापटी मारली. पुढे एका कनिष्ठ डॉक्टरने क्षणभर तपासल्यासारखे केले आणि हृदय अगदी झकास असल्याचा निर्वाळा दिला. आठ वेळा हा प्रकार झाल्यावर ती कोण आहे हे बाहेर कळले आणि तिची घाईघाईने सुटका झाली. १९१२ मध्ये तिला पक्षाघात झाला, उजवा हात गेला, आणि तिने आपल्या तुरुंगवासाची हकीकत डाव्या हाताने लिहून काढली.

मला विचाराल तर संपूर्ण चळवळीतली सर्वांत जहाल कृती ही होती. तिच्यात कोणाचेही काही जळाले नाही. तरी कायदा सर्वांना समान असल्याचा त्या राज्यव्यवस्थेचा दावा, एकाच शरीराला दोन नावांनी तिच्यासमोर उभे करून, या बाईने पुराव्यानिशी खोटा पाडला. राजकन्या सोफिया दुलीपसिंग यांचा कर नाकारण्याचा मार्गही याच जातीचा. पंजाबच्या शेवटच्या महाराजांची ही मुलगी मत नाही तर कर नाही म्हणून अडून बसली, जप्तीत तिची हिऱ्याची अंगठी गेली, आणि असल्या जप्त मालाचे जाहीर लिलाव हीच चळवळीची सभा होऊन बसली. मुंबईच्या हेराबाई टाटा यांना मताधिकाराची ओढ लागली ती १९११ साली श्रीनगरला याच सोफियाबाईंच्या कपड्यावर ‘स्त्रियांना मत’ असा बिल्ला पाहून. पुढे १९१९ मध्ये त्या मुलगी मिठन हिच्यासह लंडनला साक्ष द्यायला गेल्या, आणि १९२१ मध्ये मुंबई इलाख्यातल्या स्त्रियांना मत मिळाले. १९०६ आणि १९०९ अशा दोन्ही खेपांना लंडनमध्ये असलेल्या गांधीजींनीही या स्त्रियांच्या सोसण्याचे कौतुक केले आणि मोडतोडीबद्दल नापसंती नोंदवली.

तरीही काच फोडण्याला सरसकट नावे ठेवायला मी तयार नाही, आणि त्याचे कारण १८ नोव्हेंबर १९१० हा दिवस आहे. कॉन्स्टन्सचाच भाऊ अध्यक्ष असलेल्या सर्वपक्षीय समितीने आणलेले, काही स्त्रियांना मत देणारे तडजोडीचे विधेयक सरकारने गुंडाळले, म्हणून सुमारे तीनशे स्त्रिया पार्लमेंटकडे चालत निघाल्या. पोलिसांनी त्यांना लगेच अटक केली नाही. सहा तास त्यांना ढकलले, आपटले, जमावात फेकले, छातीला हात घालून पिरगाळले. नंतर गोळा केलेल्या १३५ जबान्यांपैकी २९ जणींनी विनयभंगाचे तपशील दिले. गृहमंत्री चर्चिल यांनी चौकशी नाकारली. यानंतर अनेकींनी केलेला हिशेब सरळ होता : शांतपणे चालत गेले तर सहा तास मार आणि बेअब्रू, आणि खिडकीवर दगड मारला तर दोन मिनिटांत अटक. दगड त्यांच्या दृष्टीने पोलिसांच्या हातांपासून तुरुंगाच्या दारापर्यंतचा सर्वांत जवळचा रस्ता होता. विध्वंसाची आवड म्हणून ज्या गोष्टीची टिंगल झाली तिच्यामागे हा अनुभव होता, हे स्पर्धेतल्या त्या मुलीला सांगायचे राहून गेले.

त्यात भर म्हणून फेब्रुवारी १९१२ मध्ये हॉबहाउस नावाच्या मंत्र्याने ब्रिस्टलच्या सभेत, १८३२ च्या सुधारणेपूर्वी पुरुषांनी नॉटिंगहॅमचा किल्ला जाळण्याइतका क्षोभ दाखवला होता, तसा काही उद्रेक स्त्रियांच्या मागणीमागे दिसत नाही, असे तारे तोडले. मंत्रीच जाळपोळीला लोकमताचे माप ठरवू लागल्यावर दोष कोणाला द्यायचा? १ मार्चला लंडनच्या बड्या दुकानांच्या काचा एकाच वेळी फुटू लागल्या, आणि त्या दिवसांत दोनशेहून अधिक स्त्रिया पकडल्या गेल्या. महिनाअखेर तडजोडीचे विधेयक २२२ विरुद्ध २०८, म्हणजे अवघ्या चौदा मतांनी पडले. आदल्या वर्षी तेच मोठ्या बहुमताने पुढे गेले होते. आयरिश सभासदांचे राजकारण हे त्याचे एक मोठे कारण, पण फुटलेल्या काचांनी काठावरच्या काही सभासदांना आयती सबब दिली, हेही खरे.

यापुढचा भाग मात्र मला समर्थनीय वाटत नाही. ख्रिस्टाबेल पॅरिसला निघून गेली आणि तिथून हुकूम सुटू लागले. मतभेद दाखवणाऱ्या पेथिक-लॉरेन्स दांपत्याला, ज्यांनी संघटनेला पैसा आणि शिस्त दिली, त्यांनाच बाहेर काढण्यात आले. रिकामी घरे, रेल्वे स्थानके, चर्च जाळली गेली. फेब्रुवारी १९१३ मध्ये अर्थमंत्री लॉईड जॉर्ज यांच्या बांधकाम चालू असलेल्या घरात बॉम्ब फुटला, तोही सकाळी कामगार येण्याच्या थोडाच वेळ आधी. मनुष्यहानी करायची नाही हे धोरण होते, असे समर्थक सांगतात, पण थोडे लवकर कामावर येणाऱ्या गवंड्याला धोरण कोण सांगणार होते? टपालपेट्यांत टाकलेल्या फॉस्फरसने डंडीत टपाल कर्मचारी भाजले. ते काही मंत्री नव्हते, आणि त्यांच्या घरच्या बायकांनाही मत नव्हते.

माझा आक्षेप नुसता नीतीचा नाही. तुरुंगातली नळी जोवर बातमीत होती तोवर जाब सरकारला द्यावा लागत होता. आगी लागू लागल्या तेव्हा जाब स्त्रियांना विचारला जाऊ लागला. एप्रिल १९१३ मध्ये सरकारने उपासाने खंगलेल्या कैद्याला सोडायचे आणि जरा बरी झाली की पुन्हा पकडायचे असा कायदा केला, ज्याला लोकांनी ‘मांजर-उंदीर कायदा’ म्हटले. हा कायदा खरे तर सरकारच्या नाचक्कीची कबुली होता. परंतु रोजच्या जाळपोळीच्या बातम्यांत ती नाचक्की झाकली गेली. १९०८ साली लाखोंना मैदानात बोलावणारी संघटना १९१४ पर्यंत काडेपेटी घेऊन रात्री हिंडणाऱ्या थोड्या तरुण मुलींवर येऊन ठेपली. एपसमच्या घोड्यांच्या शर्यतीत राजाच्या घोड्यासमोर गेलेल्या एमिली डेव्हिसनच्या अंत्ययात्रेला जून १९१३ मध्ये लंडनचे रस्ते भरले होते, याचा अर्थ लोकांची सहानुभूती आटली नव्हती. त्या सहानुभूतीपर्यंत पोहोचण्याचे साधन मात्र जळक्या लाकडांत शोधले गेले.

युद्ध सुरू होताच पँखर्स्ट बाईंनी चळवळ थांबवली, आणि मताधिकाराची बोलणी झाली तेव्हा टेबलावर फॉसेट यांच्या मवाळांचे काम होते. जून १९१७ मध्ये स्त्रियांच्या मताचे कलम ३८५ विरुद्ध ५५ मतांनी मंजूर झाले. युद्धानंतर पुन्हा तुरुंगात स्त्रियांना नळ्या घालण्याची पाळी कोणत्याही मंत्र्याला नको होती, हा माझा तर्क आहे, आणि ३८५ पैकी काही मते त्या धास्तीची होती असे मला वाटते. १९१८ च्या कायद्याने सुमारे ८४ लाख स्त्रियांना मत दिले, पण तीस वर्षांवरच्या आणि घरदार किंवा मालमत्तेची अट पुरी करणाऱ्यांनाच.

लंडनच्या क्यू बागेतले चहागृह जाळल्याच्या आरोपाखाली १९१३ मध्ये पकडलेल्या लिलियन लेंटनला हॉलोवेत नळीने भरवताना अन्न फुप्फुसात गेले होते आणि ती मरता मरता वाचली होती. कायदा झाला तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. तिशी उलटल्यावरही कितीतरी दिवस तिला मत देता आले नाही, आणि पुढे म्हातारपणी तिने त्याचे कारण सांगितले, की आपल्याकडे ना नवरा होता ना फर्निचर.