वाटेत फक्त एक चर्च आहे

इंग्लंडच्या खेड्यात एक वेळ पेट्रोल मिळणार नाही, वाणसामान मिळणार नाही, अडीचनंतर जेवण तर नाहीच नाही. पण चर्च मिळणार म्हणजे मिळणार. तेही पाचशे-सातशे वर्षांचं, आणि नेमकं पोटात कावळे ओरडत असताना.

माझा नवरा पुण्यात असताना देवळाच्या वाऱ्याला उभा राहत नसे. सासूबाई जेजुरीला चल म्हणाल्या की याचे गुडघे धरायचे. तोच माणूस आता चर्चच्या मनोऱ्याचा अंधारा गोल जिना पोराच्या आधी चढून वर जातो. याला कारण एल्फिन्स्टनसाहेब. पुण्याची रेसिडेन्सी, खडकीची लढाई, मुंबईची गव्हर्नरी असं सगळं आटोपून हा साहेब 1859 साली सरेमधल्या लिम्प्सफील्ड गावी वारला. आमच्या क्रॉयडनहून ते गाव फार लांब नाही. "शत्रूने शेवट कुठे केला ते तरी बघू," म्हणून नवरा तिथल्या चर्चच्या आवारात शिरला, तो अजून बाहेर आलेला नाही. साहेबाने पेशवाई बुडवली ते इतिहासात आहे. माझे रविवार बुडवले त्याची नोंद कुठेच नाही.

गेल्या उन्हाळ्यात सासूबाई आल्या होत्या, म्हणून सफोकच्या किनाऱ्यावर साउथवोल्डला जायचं ठरलं. समुद्र, वाळू, गरम चिप्स. ए-12 रस्त्याने सगळं सुरळीत चाललं होतं. मग ब्लायबरा आलं. दलदलीच्या कडेला मूठभर घरं आणि त्यांच्यावर हे एवढं अवाढव्य चर्च. नवऱ्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

"अगं, दहाच मिनिटं."

"अरे, पोराला भूक लागलीय."

"पोराला पंधराव्या शतकातलं छत बघायचंय," तो म्हणाला. पोर मागे फोनवर खेळत होतं.

दारात सासूबाईंनी सवयीने चपला काढल्या आणि आत पाऊल टाकताच थबकल्या. जमिनीतल्या दगडांवर नावं कोरलेली. "हे काय लिहिलंय रे?"

"थडगी आहेत, आई. गावातली बडी माणसं आत पुरायचे."

"म्हणजे मी कुणाच्या तरी छातीवर उभी आहे?" त्या टुणकन बाजूला झाल्या, तर दुसऱ्या कुणाच्या तरी छातीवर. पुढचं सगळं चर्च त्यांनी लंगडी घालत पाहिलं, आणि प्रत्येक थडग्याला वाकून नमस्कार करत, चुकून लागला असेल पाय म्हणून. तेवढ्यात फुलं रचणाऱ्या एका बाईंनी नवऱ्याला हेरलं. या बायका प्रत्येक चर्चमध्ये असतात. हातात कात्री, अंगावर कार्डिगन, आणि "काही माहिती हवी का?" हा प्रश्न. त्याला हो म्हटलं की जेवणाचं विसरायचं.

पण खोटं कशाला बोलू, बाईंनी रंगवून सांगितलं. हे गाव एके काळी चांगलं बंदर होतं. नदी गाळाने भरली, बंदर गेलं, वैभव गेलं, चर्च राहिलं. 4 ऑगस्ट 1577 रोजी भर प्रार्थनेच्या वेळी वादळ झालं, मनोऱ्याचं टोक छतातून खाली कोसळलं. गावाचं म्हणणं असं की तेव्हा एक राक्षसी काळा कुत्रा आत घुसला, माणसं मारली आणि उत्तरेच्या दारावर जळके ओरखडे ठेवून निघून गेला. ओरखडे आजही आहेत. पोराने फोन खिशात टाकला आणि त्या खाचांत बोटं घालून पाहिली. (घरी कुत्रा आणू या, हा त्याचा हट्ट तेव्हापासून थंडावला आहे. इंग्लंडच्या चर्चने मला दिलेलं एवढं एकच.)

वर छताला लाकडी देवदूत आहेत, पंख पसरलेले. त्यांच्यात शिशाचे छरे सापडले. मूर्तिभंजक विल्यम डाउसिंग 1644 साली इथे येऊन गेला होता, त्यामुळे सगळा आळ आपसूक त्याच्या टोळीवर गेला. पुढे दुरुस्तीच्या वेळी छरे नीट तपासले, तर ते अठराव्या शतकातले निघाले. आत शिरलेले कावळे मारायला चर्चच्याच कारभाऱ्यांनी बंदूकवाले बोलावले होते! नेम कावळ्यावर, गोळी देवदूताला. सार्वजनिक कामं सगळीकडे सारखीच होतात, हे ऐकून मला फार बरं वाटलं.

मग नवऱ्याचं कमानीपुराण सुरू झालं. गोल कमान म्हणजे नॉर्मन, टोकदार म्हणजे अर्ली इंग्लिश, नक्षी वाढली की डेकोरेटेड, आणि उंच सरळसोट खिडक्या आल्या की पर्पेंडिक्युलर. ही नावं रूढ केली थॉमस रिकमन नावाच्या माणसाने. हा पंथाने क्वेकर, म्हणजे याच्या स्वतःच्या प्रार्थनागृहात कमान नाही, मूर्ती नाही, पाद्रीसुद्धा नाही. आणि दुसऱ्यांच्या चर्चच्या खिडक्या मोजत देशभर हिंडला. त्याचं पुस्तक आलं 1817 साली. "म्हणजे बघ, तिकडे खडकीला तोफा चालल्यात आणि इकडे हा कमानी मोजतोय!" हे वाक्य नवरा प्रत्येक चर्चमध्ये म्हणतो. मी बाकाच्या टोकाशी बसले होते. त्या टोकांवर सात महापापं कोरलेली आहेत. माझ्या शेजारी होता पोट धरून बसलेला खादाड. मला तो त्या क्षणी अजिबात पापी वाटला नाही.

बाहेर आल्यावर समुद्र पूर्वेला आणि गाडी वळली पश्चिमेला. फुलवाल्या बाईंनी वेनहॅस्टन सुचवलं होतं.

वेनहॅस्टनच्या छोट्याशा चर्चमध्ये लाकडी फळ्यांवर रंगवलेला कयामतीचा दिवस आहे. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेच्या काळात, चर्चमध्ये चित्रं नकोत म्हणून, त्यावर चुना फासला गेला आणि लोक विसरून गेले. 1892 साली डागडुजी निघाली, तेव्हा जुनाट पांढऱ्या फळ्या म्हणून त्या उचलून बाहेर आवारात फेकल्या. रात्री पाऊस आला, चुना धुपला, आणि सकाळी आवारात नरक उघडा पडला होता.

सासूबाई त्या चित्रासमोरून हलेनात. एका बाजूला तराजू घेतलेला देवदूत, शेजारी सैतान, कोपऱ्यात माशाच्या जबड्यासारखं नरकाचं दार. "हा चित्रगुप्त," त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. स्वर्गाच्या दाराशी राजा, राणी, बिशप, कार्डिनल अशी मंडळी नागडीउघडी उभी आहेत, डोक्यावर मात्र मुकुट आणि टोप्या शाबूत. सासूबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "अगं, सगळं गेलं तरी पगडी सुटेना मेल्यांची! आपल्या वाड्यातले तात्या अगदी." एवढी बारीक समीक्षा नवऱ्याला त्याच्या जाडजूड पुस्तकांत मिळाली नसेल.

पबमध्ये पोचलो तेव्हा तीन वाजायला आले होते. काउंटरवरच्या मुलीने अतिशय गोड आवाजात सांगितलं की स्वयंपाकघर अडीचला बंद झालं, आता सहाला उघडेल. शेंगदाण्यांची पुडी चालेल का? चार जणांत एक पुडी चालली.

"मग आता डनिच करून टाकू," नवरा म्हणाला. "तिथे चर्च समुद्रात बुडालंय, त्यामुळे वेळ लागणार नाही."

मी ताबडतोब कबूल झाले. डनिच हे मध्ययुगातलं मोठं बंदर. 1286 पासून वादळं एकेक आळी गिळत गेली. वस्ती नावापुरती उरली, तरी 1832 पर्यंत हे गाव पार्लमेंटात दोन खासदार पाठवत होतं. शेवटचं जुनं चर्च, ऑल सेंट्स, 1904 ते 1919 या काळात थोडं थोडं करून कड्यावरून खाली गेलं. तर जे नाहीच ते बघायला किती वेळ लागावा? तासभर लागला. नवरा कड्यावर उभा राहून कोऱ्या समुद्राकडे बोट दाखवत होता: इथे बाजार, इथे मनोरा. शिवाय त्या चर्चचा एक आधारखांब वेळीच उचलून गावातल्या नव्या चर्चच्या आवारात आणून ठेवलाय, तो बघणं आलंच. वादळी रात्री पाण्याखालून घंटा ऐकू येतात म्हणे. नवरा कान लावून उभा राहिला. पोर म्हणालं, "बाबा, तो माझ्या पोटाचा आवाज आहे."

अखेर किनाऱ्यावरच्या टपरीत चिप्स मिळाल्या. व्हिनेगर ठिबकणारा पहिला घास घेते न घेते, तोच शेजारच्या बाकावरचे आजोबा कुत्र्याला बिस्किट देत म्हणाले, "वॉल्बर्सविक पाहिलंत का? तिथल्या लोकांना चर्चची डागडुजी परवडेना, म्हणून 1695 मध्ये परवानगी काढून त्यांनी बरंचसं पाडून विकलं, आणि भग्न भिंतींच्या आत लहानसं चर्च ठेवलं. जवळच आहे."

नवऱ्याच्या हातातली चिप तोंडाशी न जाता हवेतच थांबली.

"पाडलेलंसुद्धा बघायचं?" सासूबाईंनी मराठीतच आजोबांना विचारलं. मग शांतपणे बाकावरची गाडीची किल्ली उचलली, पर्समध्ये टाकली, चेन ओढली आणि मला म्हणाल्या, "तू खा गं सावकाश."