मुंबई सिटीला आधी सहा नंबर हवा, नऊ नंबर नंतर

इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) २०२४-२५ चा मोसम संपल्यापासून ठाण्यापासून पनवेलपर्यंत मुंबई सिटी या आपल्या फुटबॉल क्लबचे चार चाहते भेटले की एकच मागणी ऐकू येते: गोल करणारा परदेशी स्ट्रायकर, म्हणजे नऊ नंबर, आणा. मागणी समजण्यासारखी आहे. २०२२-२३ मध्ये आपण २० सामन्यांत ५४ गोल केले होते, २०२४-२५ मध्ये २४ सामन्यांत २९. लीगमध्ये सहावा क्रमांक, आणि वर प्लेऑफमध्ये बेंगळुरूकडून ०-५. असा मोसम बघितल्यावर कुणालाही नऊ नंबरच आठवणार.

तरी माझं ठाम मत आहे की मोसमांमधल्या विश्रांतीच्या काळात क्लबने पहिला रुपया भारतीय सहा नंबरवर, म्हणजे बचावाच्या पुढ्यात खेळणाऱ्या मिडफिल्डरवर, आणि दुसरा रुपया भारतीय स्टॉपरवर, म्हणजे मधल्या बचावपटूवर, खर्च करावा. स्ट्रायकर त्यानंतर.

कारण सोपं आहे. २०२२-२३ चा शिल्ड (लीगमध्ये पहिल्या येणाऱ्याला मिळणारा) जिंकणारा नेहमीचा संघ आठवून पाहा. परदेशी चार: मागे ग्रिफिथ्स किंवा फॉल, मध्ये जाहूह, पुढे स्टुअर्ट आणि परेरा डियाझ. राहिलेले सात भारतीय: गोलमध्ये फुर्बा लाचेन्पा, बचावात राहुल भेके, मेहताब सिंग आणि मंदार राव देसाई, मध्ये अपुइया, विंगांवर छांगटे आणि बिपिन सिंग. २०२५ मध्ये या सातांतले आपल्याकडे उरले किती? दोन. फुर्बा आणि छांगटे. मंदार २०२३ मध्ये ईस्ट बंगालला गेला. २०२४ मध्ये भेके बेंगळुरूला आणि अपुइया मोहन बागानला गेला. आणि २०२५ मध्ये बिपिन ईस्ट बंगालकडे, मेहताब मोहन बागानकडे. परदेशी खेळाडू दर दोन वर्षांनी बदलतातच, ते धरूनच संघ बांधायचा असतो. आपल्याकडे मात्र जो भाग टिकायला हवा होता तोच एकेक करून निघून गेला. भेके तर मुंबईचाच मुलगा, २०२४ चा कप (प्लेऑफ जिंकणाऱ्याचा) उचलणारा कर्णधार. त्या ०-५ च्या सामन्यात समोरच्या संघात तो होता, आणि पाचवा गोल डियाझचा.

आता परदेशी खेळाडूंचं गणित पाहू, कारण सगळी खरेदी त्याच्याभोवती फिरते. संघात ६ परदेशी ठेवता येतात, पण २०२१-२२ पासून मैदानात एका वेळी ४ च. म्हणजे अकरांतले किमान ७ भारतीय. २०२४-२५ सारखं आपण तिरीला स्टॉपर आणि वान निफला मध्ये खेळवलं की दोन जागा तिथेच संपल्या. उरल्या दोन. त्यातली एक नऊ नंबरची, एक त्याच्या मागे खेळणाऱ्याची. यातला कुणीही जखमी झाला की राखीव परदेशी त्याच जागेचा असेलच असं नाही, आणि मग सगळी रचना बदलावी लागते. २०२२-२३ मध्येही जाहूह परदेशीच होता, हे मान्य. पण त्याच्या शेजारी अपुइया होता. जाहूहने लांब पास टाकायचा आणि त्याच्यासाठी धावायचं, चेंडू हिसकावायचा, तिरका पास पुढे न्यायचा ते अपुइयाने. ती जोडी फुटली, आणि पुढच्या माणसांना चेंडू मिळणंच कमी झालं. २९ गोलांचं मूळ मला तिथे दिसतं. स्ट्रायकरला गोलसमोरच्या पेनल्टी बॉक्समध्ये चेंडूच मिळत नसेल तर त्या जागी कुणालाही आणा, तो गोलकडे पाठ करून उभा राहणार.

मागची बाजूही तेच सांगते. २०२३-२४ मध्ये २२ सामन्यांत १९ गोल खाल्ले, २०२४-२५ मध्ये २४ सामन्यांत २८. गोलफरक +२३ वरून +१ वर आला. गोलकीपर फुर्बा संघातच होता, २०२३-२४ चा गोल्डन ग्लोव्ह (सर्वोत्तम गोलकीपरचा पुरस्कार) जिंकलेला. म्हणजे गळती त्याच्या पुढे आहे.

चांगला सहा नंबर ओळखायचा कसा? गोल आणि असिस्टचा रकाना इथे काही सांगत नाही. तीन गोष्टी बघायच्या. पहिली, स्टॉपरकडून चेंडू येण्याआधी तो दोन्ही खांद्यांवरून मागे बघतो का. जो बघत नाही तो चेंडू घेऊन परत स्टॉपरलाच देतो, आणि समोरच्या संघाला प्रेस करायला, म्हणजे अंगावर धावून येऊन दबाव टाकायला, हाच इशारा असतो. दुसरी, अर्ध्या वळणावर चेंडू घेता येतो का, म्हणजे पहिल्याच टचमध्ये तोंड पुढे होतं का. तिसरी, आपला हल्ला तुटल्यानंतरच्या पहिल्या पाच सेकंदांत तो कुठे असतो. आपले दोन्ही फुलबॅक (कडेचे बचावपटू) वर चढलेले असतात, अशा वेळी मधली जागा त्याने धरली नाही तर समोरचा विंगर थेट स्टॉपरवर धावून येतो. त्या क्षणी तिथे कुणी नसलं की चांगल्यातला चांगला स्टॉपरही उघडा पडतो, आणि टीव्हीवर चूक त्याचीच दिसते.

ब्रँडन फर्नांडिस आहे की, असं बरेच जण म्हणतात. ब्रँडनचा पास मला मनापासून आवडतो, पण त्याची जागा वर आहे. त्याला सहा नंबरला उभं केलं तर त्याचा पास गोलपासून ४० मीटर लांब जाईल आणि धावण्याचं काम अंगावर येईल. वयाच्या तिशीत त्याच्याकडून ते करून घेणं म्हणजे खेळाडूही वाया आणि जागाही. आणि सहा नंबर एक आणून भागत नाही, दोन लागतात. या जागेवर फाउल ठरलेले असतात, ४ पिवळी कार्डं झाली की एका सामन्याची बंदी. २४ सामन्यांच्या मोसमात ही वेळ येतेच. दुसरा नसेल तर त्या दिवशी कुणीतरी उचलून तिथे ठेवला जातो आणि तोच सामना हातचा जातो.

स्टॉपरबद्दल. तिरीने जुलै २०२५ मध्ये चौतिशी गाठली. वाचन, हवेतला चेंडू, बोलणं, या सगळ्यात तो तेव्हाही उत्तम होता. पण आपला संघ बचावाची रेषा वर ठेवून खेळतो, आणि मागे ४० मीटर मोकळी जागा असताना शेजारी पळणारा माणूस लागतो. मेहताब ते काम करत होता. म्हणून नवा भारतीय स्टॉपर घेताना उंचीच्या आधी वळून पळण्याचा वेग बघावा. आणि घेताना चूक अशी होते: मोठ्या क्लबच्या बाकावर वर्षभर बसलेला नावाजलेला खेळाडू घेतला जातो. त्याची मोसमातली मिनिटं ६०० सुद्धा भरत नाहीत. बाकावरचा स्टॉपर फिट दिसतो, पण सामन्यातला अंदाज गंजलेला असतो आणि तो परत यायला आठ-दहा सामने जातात. त्यापेक्षा छोट्या क्लबकडून १,५०० मिनिटं खेळलेला २२-२३ वर्षांचा मुलगा घ्यावा.

विंगांची काळजी मला कमी आहे. बिपिनचं जाणं मनाला लागलं, २०२१ च्या फायनलमधला त्याचा ९० व्या मिनिटाचा गोल कोण विसरेल? पण विक्रम प्रताप २००२ साली जन्मलेला तरुण विंगर आहे, त्याला आता सलग २० सामने द्यायला हवेत. गोलकीपर ठीक. फुलबॅक ठीक.

खरी मेख करारांत आहे. फिफाच्या नियमाप्रमाणे करार संपायला ६ महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करू शकतो, आणि जुन्या क्लबला ट्रान्सफरचा एक रुपया मिळत नाही. करार ३१ मेला संपणार असेल तर १ डिसेंबरपासून तो मोकळेपणाने बोलणी करून सही करू शकतो, तेही आपला मोसम ऐन भरात असताना. म्हणून भारतीय खेळाडूचा करार संपायच्या दीड वर्ष आधी, म्हणजे दोन ट्रान्सफर विंडो (नवे खेळाडू नोंदवण्याचे ठरलेले काळ) हातात असताना, क्लबने नवा करार टेबलावर ठेवायला हवा. सही झाली तर उत्तम. नाही झाली तर विकायला वेळ आहे, निदान बदली खेळाडूचे पैसे तरी येतात. करार जास्तीत जास्त ५ वर्षांचा करता येतो, १८ वर्षांखालच्या मुलाचा ३ वर्षांचा. नवीन सहा नंबर मिळाला तर त्याला ४ वर्षांखाली घेऊ नये, आणि सोडवण्याची रक्कम (जी भरली की दुसरा क्लब त्याला नेऊ शकतो) करारात घालायचीच असेल तर आजच्या किमतीवर न ठरवता तो राष्ट्रीय संघात गेल्यावरच्या किमतीवर ठरवावी. मोहन बागानने २०२४-२५ मध्ये ५६ गुणांनिशी शिल्ड आणि पाठोपाठ कपही नेला. त्यांच्याकडे परदेशी भारी होतेच, पण विशाल कैथ, शुभाशिष, अपुइया, थापा, लिस्टन, मनवीर हा भारतीय कणा बघा. तो बाजारात एका महिन्यात मिळत नाही.

२०२५ मध्ये याच्यावर आणखी एक सावट आलं. भारतीय फुटबॉल फेडरेशन आणि लीग चालवणारी एफएसडीएल कंपनी यांच्यातला १५ वर्षांचा करार ८ डिसेंबर २०२५ ला संपत होता आणि नव्या मोसमाची तारीख हातात नव्हती. काही क्लबांनी पगार थांबवले होते. याचा संघबांधणीवर थेट परिणाम होतो. दोन महिन्यांचा पगार थकला, खेळाडूने लेखी नोटीस देऊन १५ दिवसांची मुदत दिली आणि तरी पैसे आले नाहीत, तर तो फिफाच्या नियमाने करार मोडून जाऊ शकतो. भरपाई मागू शकतो ते वेगळंच. पैसे थकवल्याबद्दल नवीन खेळाडू नोंदवण्यावर बंदी येते, तेव्हा संघ अर्धवट राहतो. म्हणून आपल्या क्लबबद्दल माझी पहिली प्रार्थना कोणत्याही नावासाठी नाही, पगार वेळेवर जावेत एवढीच आहे. दुसऱ्या बाजूने यात संधीही आहे. विंडो बंद व्हायच्या आधी ज्याचा करार संपला आहे असा मोकळा खेळाडू विंडो बंद झाल्यावरही नोंदवता येतो. अशा गोंधळात चांगले भारतीय खेळाडू मोकळे होतात. ज्या क्लबकडे आधीच यादी तयार असते त्यालाच ते मिळतात.

तारीख ठरत नसल्याचा त्रास शरीरालाही होतो. मोसमपूर्व तयारीला साधारण ६ आठवडे लागतात. तारीख दोनदा पुढे गेली की खेळाडू दोनदा शिखरावर येतात आणि दोनदा उतरतात, आणि पहिल्याच महिन्यात मांडीचे स्नायू धरतात. चौतिशीतल्या स्टॉपरला आणि स्प्रिंटवर जगणाऱ्या छांगटेला हा धोका सगळ्यात जास्त.

पैशाबद्दल बोलायचं तर अंधेरीचं मैदान साधारण ७,००० आसनांचं. तिकीट सरासरी ३०० रुपये धरलं आणि मैदान दरवेळी भरलं असं मानलं, तरी एका सामन्याचे २१ लाख, १२ घरच्या सामन्यांचे २ कोटी ५२ लाख. लीगची पगारमर्यादा मध्यंतरी १६.५ कोटी होती. त्यामुळे तिकिटांवर संघ चालत नाही, मालकांच्या खिशावर चालतो. नेरूळचं डी. वाय. पाटील हे आपलं पहिलं घर. आपल्या मॉरिट्झची हॅटट्रिक, आयएसएलमधली पहिलीच, तिथली, २०१५ ची छेत्रीची हॅटट्रिकही तिथलीच. २०२३ मध्ये सौदीच्या अल हिलालविरुद्धचा सामनाही नेरूळलाच झाला. मोसमातले दोन-तीन मोठे सामने तिथे आणले तर ठाणे-नवी मुंबईचे लोक नक्की येतील. आज ठाण्याहून घाटकोपर, तिथून मेट्रोने आझादनगर, आणि साडेसातचा सामना संपल्यावर तोच रस्ता उलटा. लहान मुलांना घेऊन हे दर आठवड्याला कोण करणार?

आणि मुलांवरून शेवटचा मुद्दा. घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत जाळी लावलेले टर्फ झाले आहेत, संध्याकाळी एकही रिकामा नसतो. मुलं खेळतात याचा आनंदच आहे. पण ५ विरुद्ध ५ च्या त्या जाळीत ऑफसाइड नाही, चेंडू जाळीला लागून परत येतो, ४० मीटरचा पास टाकायला जागाच नाही. तिथून ड्रिबल करणारे विंगर तयार होतात, सहा नंबर तयार होत नाही. इथल्या प्रशिक्षकांना माझी विनंती आहे की आठवड्यातून एक दिवस तरी १४ वर्षांवरच्या मुलांना पूर्ण मैदानावर ११ विरुद्ध ११ खेळवा आणि सगळ्यात हुशार मुलाला पुढे न ठेवता मध्ये ठेवा. घणसोलीतल्या रिलायन्स फाउंडेशनच्या अकादमीतून आयुष छिकारा आपल्या संघात आला, म्हणजे वाट आहे. पण तोही फॉरवर्डच. त्याच वाटेने एक मिडफिल्डर यावा, आणि तरुण खेळाडूंच्या डेव्हलपमेंट लीगमध्ये सलग ९० मिनिटं खेळणाऱ्या १९ वर्षांच्या एका मुलाला क्लबने आत्ताच पहिल्या संघाच्या सरावात घ्यावं. संघातल्या अनुभवी मिडफिल्डरच्या शेजारी उभं राहून त्या मुलाने रोज बघावं की चेंडू येण्याआधी तो मिडफिल्डर किती वेळा मागे वळून बघतो.