छाती फुगवू नका, माप चाललंय

शर्टाचं माप चुकलं तर शिंपी कुरकुरत का होईना, उसवून देतो. लाकडी धनुष्याचं माप चुकलं तर ते मोडतं, आणि मोडतं तेव्हा आपलं तोंड जेमतेम हातभरावर असतं.

२०२३ साली बर्लिनमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंड तिरंदाजीत जगज्जेते झाले आणि आमची कन्या क्लबात जाऊ लागली. तिला सोडता-आणता मलाही खाज सुटली. पण ते कंपाउंडचं चाकं-तारांचं यंत्र नको, हाताने घडवलेलं लाकडीच हवं, असं मी जाहीर करून टाकलं. धनुष्य करणाऱ्या काकांना फोन लावला. लाकूड कुठलं, दोरी कसली, असे माझे प्रश्न तयार होते. त्यांनी एकच विचारला : "ओढ किती?"

"बऱ्यापैकी आहे," मी म्हणालो.

"ताकद नाही हो दादा, ड्रॉ लेंग्थ. दोरी किती मागे ओढता ते. इंचांत सांगा."

दोन्ही हात आडवे पसरायचे, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत मोजायचं आणि अडीचने भागायचं, असा त्यांनी ढोबळ हिशेब सांगितला. मी हॉलच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. बायकोने शिवणाच्या डब्यातली टेप आणली. ती ६० इंचांवर संपली आणि मी अजून शिल्लक होतो. तिने टेप संपली तिथे भिंतीवर बोट दाबून धरलं, तेवढ्यात दूध उतू चाललं. बोट गेलं, माप गेलं, दूधही गेलं. "अहो, हात तसेच ठेवा," असं स्वयंपाकघरातून सांगण्यात आलं. त्याच वेळी कुरियरवाला आला. भिंतीला चिकटलेल्या माणसाची सही घ्यायची कशी, हा प्रश्न त्याने सहीच न घेता सोडवला.

शेवटी ६८ इंच भरले. मी मोबाइल शोधेपर्यंत आईने जपमाळ न थांबवता अडीचकी म्हटली. "सत्तावीस अडीचे साडेसदुसष्ट. वर अर्धा उरतो, तो धरू नकोस."

म्हणजे २७. मला २८ हवे होते. धनुष्याचं वजन, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, सगळे २८ इंच ओढीवरच सांगतात. चाळीस पौंडी म्हणजे २८ इंच ओढल्यावर चाळीस. एक इंच कमी ओढलं की दोन-तीन पौंड गळतात. ते कुणाला आवडेल?

पण हा ढोबळ हिशेब; खरं माप ओढूनच घ्यावं लागतं. कन्येने क्लबातलं हलकं धनुष्य आणि लांबडा बाण आणला. मी ओढून धरायचं आणि तिने बाणावर स्केचपेनने खूण करायची. बाणाच्या खाचेपासून मुठीच्या खोलगट भागापर्यंत मोजून त्यात पावणेदोन इंच मिळवायचे, अशी रीत आहे. ते साधारण धनुष्याच्या पुढच्या कडेपर्यंत येतं. बघायला आलेल्या शेजारच्या काकांनी पुढच्या कडेपर्यंत मोजून वर आणखी पावणेदोन घातले आणि मला ३० इंची करून टाकलं. तेव्हापासून ते मला फार आवडतात.

कन्या मात्र कडक. "बाबा, छाती फुगवू नका. खांदा खाली. दोरी तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत आणायची, तोंड दोरीकडे न्यायचं नाही." तिने व्हिडिओ दाखवला. त्यात एक गृहस्थ हनुवटी पुढे काढून दोरीचा मुका घ्यायला निघाले होते. प्रेक्षक असले की साडेअठ्ठावीस भरत होते; सगळे चहाला आत गेले आणि हात भरून आले, तेव्हा पावणेसत्तावीस.

दोन्ही आकडे धनुष्यवाल्या काकांना कळवले. ते हसले नाहीत, म्हणजे त्यांना सवय असावी. म्हणाले, "कंपाउंडला ओढीची हद्द चाकातच बांधलेली असते, त्यापुढे दोरी सरकत नाही. लाकूड भिडस्त असतं. ओढाल तेवढं येतं आणि मग एकदम नाही म्हणतं." जास्त ओढलं की धनुष्याच्या पोटाकडचे, म्हणजे ओढणाऱ्याकडच्या बाजूचे, तंतू चेंगरतात आणि धनुष्य कायमचं वाकडं बसतं, नाहीतर पाठीकडचे तुटतात आणि कडाडकन दोन तुकडे होतात. म्हणून आधी माप आणि त्यावरून लांबी, ओढीच्या दुपटीहून चांगली जास्त. जनकाच्या दरबारात ही चौकशी कोणी केली नव्हती. तिथे धनुष्य मोडलं तर सीता मिळाली. आम्हाला पावती मिळणार, तीही 'परत घेतले जाणार नाही' अशी.

मी मन घट्ट करून २७ कळवले.

महिन्याभराने आणायला गेलो. धामणीचं लाकूड, कुऱ्हाडीचे दांडे करतात तेच, पण तासून असं गुळगुळीत केलेलं की हात फिरवतच राहावा. काकांनी ते भिंतीवरच्या खुंटीला अडकवलं आणि कप्पीवरून दोरी हळूहळू खाली ओढली. दोन्ही बाजू सारख्या वाकत होत्या. मागच्या फळीवर इंचांच्या खुणा होत्या. दोरी २७ ला आली, तिथे न थांबता २८ ला गेली.

"काका, मी २७ सांगितले होते."

"हो ना. एक इंच मी धरूनच चालतो," ते म्हणाले. "पाहुणे आले की लागतो."