पाच हजारांसाठी कुणी पोटुशी राहत नाही

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींनी परवा कणकेचे हात पुसले आणि फोन माझ्यापुढे धरला. "ताई, हे बघा. सून सकाळपासून जेवली नाहीये." सुनेला पाचवा महिना, पहिलटकरीण. मेसेज असा: 'बाळंतपणाला सरकार पैसे वाटतं म्हणून अडाणी बायका पाच-पाच पोरं काढतात. लाभार्थी सगळे एकाच धर्माचे, नाहीतर परप्रांतीय. कर मात्र आपण भरतो.' आठवडाभर हाच मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय, आणि मीही तो वाचून गप्प बसत होते. आता नाही.

आधी ती पाच पोरं. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पाच हजार पहिल्या बाळाला मिळतात, तेही हप्त्यांनी. दुसरी मुलगी झाली तर सहा हजार. दुसरा मुलगा असेल तर काही नाही, तिसऱ्या खेपेला तर नाहीच. जननी सुरक्षा योजनेत महाराष्ट्रात दारिद्र्यरेषेखालच्या किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या बाईला दवाखान्यात बाळंत झाल्यावर खेड्यात ७०० रुपये, शहरात ६००. सातशे रुपयांसाठी बाई नऊ महिने पोट वागवते, असं लिहिताना हात कसा धजावतो?

मावशींनी सुनेची प्लास्टिकची पिशवीच आणली होती. माता-बाल संरक्षण कार्ड, आधार, पासबुक, रेशनकार्डाची झेरॉक्स. खात्याला आधार जोडलेलं नाही म्हणून बँकेत दोन खेपा झाल्या, दोन्ही वेळा धुण्याभांड्याच्या कामांचा खाडा, खाड्याचे पैसे कापले. हप्ता अजून आलेला नाही. मातृवंदना योजना आहेच मुळी बुडालेल्या मजुरीची थोडीफार भरपाई म्हणून. कंपनीतल्या बाईला २६ आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने आहे, आणि असायलाच हवी. ती रजेसाठी गरोदर राहिली असं कुणी म्हणत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर बाईला किमान सहा हजारांचा हक्क दिला होता. योजनेने तोच आखडता घेतला.

धर्माची अट कुठेही नाही. दारिद्र्यरेषेखालचं किंवा अन्नसुरक्षेचं रेशनकार्ड, रोजगार हमीचं जॉबकार्ड, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत, यातलं एक बसलं तरी चालतं. आमच्याच इमारतीतल्या कितीतरी लेकीसुना त्यात बसतील. परप्रांतीयांचं म्हणाल तर योजना केंद्राची आहे. बिहारची बाई पुण्यात बाळंत झाली म्हणून तिचा हक्क जात नाही. उलट बीडहून ऊसतोडीला जाणारीची नोंद एका गावात आणि बाळंतपण दुसरीकडे, म्हणून तिचेच पैसे अडकतात.

एक गोष्ट मान्य करते. शाळेत न गेलेल्या बाईला सरासरी जास्त मुलं होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशभरचा तो आकडा २.८ आहे, बारावी किंवा त्यापुढे शिकलेलीचा १.८. पण हा फरक शाळेचा आहे, हप्त्याचा नाही. मुस्लिम बायकांचा आकडाही १९९२-९३ साली ४.४ होता, तो याच फेरीत २.४ वर आला. आणि अख्ख्या महाराष्ट्राचा त्याच फेरीत १.७ होता, म्हणजे लोकसंख्या आहे तेवढी टिकायला लागतात त्या २.१ पेक्षाही कमी.

सुनेला हे सगळं फोनवर सांगितलं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मग ताई, बँकेत परत जाऊ ना मी?" सोमवारी तिच्याबरोबर मी जातेय.