सगळ्यांचा ‘मी’ एकच नाही

मानसशास्त्रावरच्या मजकुरात एक परिच्छेद सारखा फिरत असतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, आशय तोच: “फ्रॉइड, युंग, विनिकॉट, लाकाँ, कोहुट, सगळ्यांनी शेवटी एकच सांगितलं. तुमच्या आत जन्मापासून एक खरा ‘मी’ आहे. आईवडिलांनी आणि समाजाने त्यावर खोटे मुखवटे चढवले. अहम् मोडा, मुखवटे फेका, खरा मी सापडेल. मग कुणाच्या कौतुकाची गरज उरणार नाही.”

ऐकायला गोड आहे, म्हणून पुढे जातं. पण ही पाचही नावं मनोविश्लेषणाशी जोडलेल्या विचारवंतांची आहेत, आणि यातल्या प्रत्येक विधानाला याच पाचांपैकी कुणी ना कुणी साफ नकार दिलेला आहे. आतून खचलेली माणसं असलं वाचून स्वतःबद्दल निष्कर्ष काढतात. म्हणून एकेक विधान तपासायला हवं.

“जन्मापासून एक खरा मी आहे.” फ्रॉइडने आत्मरतीवरच्या (नार्सिसिझम, म्हणजे स्वतःवरच जडलेलं प्रेम) 1914 च्या लेखातच सांगितलं की अहम्सारखी (इगो, मनातला ‘मी’) एकसंध गोष्ट सुरुवातीला नसते, ती घडावी लागते. ती कशी घडते हे त्याने पुढे 1917 मध्ये विषादाबद्दल आणि 1923 मध्ये अहम्बद्दल लिहिताना उलगडलं. ज्यांच्यावर जीव होता आणि ज्यांना सोडावं लागलं, त्यांचे ठसे आपल्यात मुरत जातात आणि त्यांतून अहम्ला आकार येतो. वडील गेल्यावर मुलगा नकळत त्यांच्यासारखा खाकरायला लागतो, त्यांच्याच सुरात चिडतो. यातलं त्याचं स्वतःचं किती आणि वडिलांचं किती? फ्रॉइडच्या मांडणीत अशी वाटणी करताच येत नाही.

लाकाँ तर याच्याही पुढे जातो. आरशाच्या अवस्थेची कल्पना त्याने 1936 मध्ये पहिल्यांदा मांडली, 1949 मध्ये तिला आज परिचित असलेलं रूप दिलं. साधारण 6 ते 18 महिन्यांचं मूल. धड उभं राहता येत नाही, हातपाय मनासारखे हलत नाहीत. आरशात मात्र त्याला एक अख्खं, सलग शरीर दिसतं आणि ते हरखून जातं: हा मी! लाकाँच्या मते घोळ इथेच सुरू होतो. ज्याला मूल ‘मी’ म्हणतं ती बाहेरची प्रतिमा आहे, आणि ती त्याच्या प्रत्यक्ष अनुभवापेक्षा कितीतरी नीटनेटकी आहे. अहम्चा पायाच असा चुकीच्या ओळखीवर उभा. लाकाँच्या अहम्चे पदर सोलत गेलात तर आत दुसरी प्रतिमा लागेल, ‘अस्सल’ माणूस लागणार नाही.

युंग या परिच्छेदाच्या त्यातल्या त्यात जवळचा. पण त्याचा ‘स्व’ म्हणजे जाणीव आणि नेणीव मिळून होणारी समग्रता. आपल्याला स्वतःत नकोसं वाटणारं सगळं त्यातच येतं, आणि तिकडची वाटचाल कधी पुरी होत नाही.

“समाजाने मुखवटे चढवले, ते फेका.” हे विनिकॉटच्या नावावर खपवलं जातं आणि मला सर्वांत जास्त खटकतं ते हेच. ‘खरा स्व’ आणि ‘खोटा स्व’ हे शब्द त्याचेच, 1960 च्या लेखातले. पण आधी बालरोगतज्ज्ञ असलेल्या या माणसाने हजारो आया आणि बाळं जवळून पाहिली होती, आणि त्याची मांडणी त्या निरीक्षणातून आलेली आहे. बाळ काहीतरी उत्स्फूर्तपणे करतं, हात पुढे करतं, आवाज काढतं. आई त्याला प्रतिसाद देते. असं पुन्हा पुन्हा झालं की ‘खऱ्या स्व’ला बळ मिळतं. आई तो प्रतिसाद देऊ शकली नाही आणि त्या जागी तिचंच काहीतरी पुढे करत राहिली, तर बाळ तिच्याशी जुळवून घेतं. हे जुळवून घेणं म्हणजे खोट्या स्वची सुरुवात.

म्हणजे खोटा स्व बाहेरून कुणी चढवत नाही, बाळच तो उभारतं. तो असतो खऱ्या स्वच्या रक्षणासाठी. शिवाय विनिकॉटने त्याच्या पायऱ्या सांगितल्या. एका टोकाला माणूस आतून पोकळ वाटतो आणि खोटा स्वच सगळं आयुष्य चालवतो. दुसऱ्या टोकाला आहे साधा सभ्यपणा: मनात येईल ते सगळं न बोलणं. हे टोक त्याच्या लेखी निरोगी आहे. ते फेकून कसं चालेल?

आणि 1963 मध्ये तर त्याने म्हटलं की प्रत्येकाच्या गाभ्यात एक भाग कायमचा अज्ञात, कुणालाही न सापडलेला राहतो, आणि तो तसाच राहायला हवा. त्या गाभ्यात घुसणं हा त्याच्या मते माणसावरचा फार भीषण आघात. “आतला खरा मी बाहेर काढा” या सल्ल्याच्या हे अगदी उलट आहे.

“अहम् मोडा.” फ्रॉइडचा अहम् हा इदम् (आतल्या आदिम ओढी), पराहम् (आतला टोकणारा आवाज) आणि बाहेरचं जग अशा तीन धन्यांची चाकरी करून आधीच दमलेला असतो. वास्तवाचं भान राखण्याचं काम त्याचंच. 1933 मध्ये त्याने उपचाराचं ध्येय सांगितलं ते अहम्ला बळ देण्याचं, जिथे इदम् होतं तिथे अहम् आणण्याचं. फ्रॉइडच्या वाक्याचा ‘अहम्ला बळ देणं’ हा अर्थ लाकाँला मंजूर नव्हता, पण मोडतोडीचा कार्यक्रम त्याचाही नाही.

“कौतुकाची गरज उरणार नाही.” हे विधान कोहुटच्या नावाशेजारी पाहून वाईट वाटतं. आत्मरती ओलांडली की माणूस परिपक्व होतो, ही रुजलेली समजूत मोडण्यात त्याची शेवटची वर्षं गेली. आपल्याला कुणीतरी ओळखावं, कुणाच्या तरी आधाराने उभं राहता यावं, ही गरज त्याच्या मते जन्मभर राहते, फक्त तिचं रूप प्रौढ होत जातं. तिच्यातून सुटका म्हणजे ऑक्सिजनशिवाय जगण्यासारखं, असं त्याने लिहिलं. आत्मरतीवर लिहिणारा दुसरा मनोविश्लेषक कर्नबर्ग, त्याला हे पटलं नाही. भव्य ‘मी’ची हौस त्याला विकृत घडण वाटते, तिच्याखाली राग आणि मत्सर दिसतो. रुग्ण म्हणाला, “मी बोलत असताना तुम्ही घड्याळाकडे पाहिलंत,” तर कोहुटचा अनुयायी आधी ती दुखावणूक समजून घेईल आणि कर्नबर्गचा त्यामागच्या रागाकडे लवकर वळेल.

1979 मध्ये कोहुटने ‘श्री. झेड’ या रुग्णाची दोन विश्लेषणं प्रसिद्ध केली. पहिल्यात त्याच्या मागण्या बालिश हट्ट मानून त्यांना विरोध केला गेला, दुसऱ्यात त्याच मागण्या अपुऱ्या राहिलेल्या गरजा म्हणून ऐकल्या गेल्या. ही कोहुटची स्वतःचीच कहाणी असावी, असं अनेक अभ्यासक मानतात. कौतुकाची भूक लागते म्हणून लाजणाऱ्या माणसाला कोहुटच्या नावाने “गरज सोडा” सांगणं म्हणजे श्री. झेडला पुन्हा पहिल्या विश्लेषणात पाठवणं आहे.